ठेव शिमग्याला

माझ्या बायकोच्या तोंडावर मी एकदा लेखी बंदी घातली होती. ठराव क्रमांक सात, एकमताने मंजूर. हे वाचून कुणा नवऱ्याला माझा हेवा वाटत असेल, तर त्यानं घाई न करता पुढचंही वाचावं.

आमचा सुरूपाडा आणि समोरचा ताडपाडा यांच्यामध्ये एक खाडी आहे. इकडच्यानं हाक मारली की तिकडच्यानं चिडावं, एवढीच रुंद. चिंतूच्या होडीनं पाच मिनिटांत पलीकडे. रस्त्यानं जायचं तर पार बोईसरला वळसा घालून तासभर. दोन्हीकडे मासेमारांची घरं, तीच जाळी, तेच बोंबील, आणि देवी तर एकच. तिची पालखी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. फरक म्हणाल तर आमच्या काठाला सुरूची झाडं जास्त आणि त्यांच्या काठाला ताडाची. एवढ्या भांडवलावर माणसं किती भांडू शकतात, हे मला फार उशिरा कळलं.

धुळवडीच्या दुपारी भरती उतरायला लागली आणि खाडीच्या मधोमध रोवलेल्या लाकडी खुंट्याचं डोकं पाण्याबाहेर आलं, की दोन्ही काठांवर बायका जमायच्या आणि एकमेकींना शिव्या द्यायच्या. याला आमच्याकडे बोंब म्हणतात. खुंट्याचं बूड दिसलं की बोंब बंद. मेलेल्याचं नाव काढायचं नाही, कुणाच्या रिकाम्या कुशीबद्दल बोलायचं नाही, आणि ज्याला शिवी द्यायची त्याचं नाव घेऊन द्यायची. बाकी सगळं मोकळं. शिवी म्हणजे आईबहिणीवरून नव्हे. तसली कुणालाही येते. इथली शिवी रचावी लागायची. जो काठ आधी हसला तो हरला. हरलेल्या पाड्यानं दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण पलीकडे पोचवायचं, आणि टोप घेऊन जायचं ते पाड्यातल्या सगळ्यात तापट माणसानं. हे कुणी ठरवलं माहीत नाही. ज्यानं ठरवलं त्याला माणसांची चांगलीच ओळख असणार.

यातून एक गोष्ट झाली होती, ती आमच्या कुणाच्या ध्यानातही नव्हती. वर्षभरात कुणाचं कुणाशी काही बिनसलं, की तो म्हणायचा, "ठेव शिमग्याला." म्हणजे आता बोलू नको, जपून ठेव, शिमग्याला काढू. एके वर्षी ताडपाड्याच्या पंढरीच्या बोटीच्या पंख्यात माझ्या थोरल्या भावाचं डोलीचं, पाण्यात रोवून ठेवायचं जाळं अडकून फाटलं. भाऊ वल्हं घेऊन खाडीकडे धावला. आमच्या आळीतल्या रखमाबाईनं त्याचा सदरा धरला आणि म्हणाली, "ठेव शिमग्याला." शिमग्याला अजून पाच महिने होते. पाच महिने भाऊ दात खात बसला, आणि रखमाबाई विचार करत. धुळवडीला तिनं पंढरीच्या नजरेवर जी सुरुवात केली, ती थांबेच ना. "पंढरी रोज सकाळी विजेच्या खांबाला नमस्कार करतो न इचारतो, 'मास्तर, पोरगा पास झाला काय?' न खांब काय बोलला नाय, की घरी येऊन पोराला मारतो!" पलीकडे पहिला हसला तो खुद्द पंढरी. दुसऱ्या दिवशी कालवणाचा टोप घेऊन तो आला, सोबत सुतळी घेऊन, आणि भावाच्या अंगणात बसून त्यानं जाळं विणून दिलं. वल्हं कोपऱ्यात तसंच राहिलं.

या बोंबेत आमच्या काठाची पुढारी माझी बायको, शकू. त्यांची पुढारी पंढरीची बायको, जमुना. वीस वर्षं या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. शकूची एक शिवी अजून बोईसरच्या बाजारात चालते: "जमुने, तुज्या कालवणात कोळंबी बुडी मारून बसलीय, ती मीठ शोधते गो! अजून वर आयली नाय!" आणि जमुनेचं त्यावर: "शकू, तुजी भाकरी आमी होडीच्या भोकाला लावलीय! तीन वरसं झाली, थेंब आत आला नाय!" भाकरीबद्दल जमुनेचं म्हणणं फारसं खोटं नव्हतं, पण ते मी घरात कधी बोललो नाही.

मी बोईसरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. आयुष्यभर इतरांच्या उशिरा येण्याची नोंद ठेवली, त्यामुळे मला शिस्तीची आवड. निवृत्त झाल्यावर पाड्याच्या समितीचा अध्यक्ष झालो. आणि चार वर्षांपूर्वी कुणीतरी बोंबेचा व्हिडिओ काढून टाकला. त्यात माझी धर्मपत्नी पदर खोचून, दोन्ही हात वर करून ओरडत होती, आणि खाली लोकांनी लिहिलं होतं: 'हे कसले संस्कार', 'अडाणी', 'बायका आहेत की काय'. माझ्या जुन्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तो लावला गेला, हे मला तीन जणांनी वेगवेगळं फोन करून सांगितलं. माझी मुलगी हेमाली तेव्हा बोईसरला बी. कॉम. करत होती. तिच्या वर्गात तर कुणी आईची नक्कलही केली. ती रडत घरी आली, म्हणाली, "बाबा, हे बंद करा."

मी बंद केलं. ताडपाड्याच्या समितीचा अध्यक्ष पंढरी, त्यालाही पटवलं. ठराव सात: 'शिमग्यातील असभ्य प्रथा कायमस्वरूपी बंद करून सुसंस्कृत शिमगा साजरा करण्यात यावा.' रांगोळी स्पर्धा ठेवली, दोन भाषणं ठेवली, त्यातलं एक माझं. पालघरहून पाहुणे आले, माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. सगळे खूश. फक्त शकू त्या रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "बोंब बंद केली ती केली. पण मग ठेवायची कुठं?"

"काय ठेवायची?"

"भांडणं."

मी म्हटलं, सुशिक्षित समाजात भांडणं ठेवायची नसतात, ती सामोपचारानं मिटवायची असतात. ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण अंगावर नवी शाल असली की माणसाला फार कमी कळतं.

पहिलं वर्ष बरं गेलं. याच काळात आमच्या हेमालीनं पंढरी-जमुनेच्या थोरल्या मुलाशी, प्रफुल्लशी लग्न ठरवलं. वीस वर्षं एकमेकींना शिव्या घालणाऱ्या दोघी विहिणी झाल्या. लग्नात दोघी गळ्यात गळे घालून रडल्या. त्या नात्यासाठी रडल्या, की शिव्या द्यायला आता काठ उरला नाही म्हणून, ते देवी जाणे.

मग एका पावसाळ्यानंतर पुन्हा एक जाळं कापलं गेलं. कुणाच्या बोटीनं, ते नीट कळलं नाही. आधी असं झालं की ते शिमग्याला ठेवलं जायचं. आता शिमग्याला रांगोळी होती. रांगोळीत जाळं कुठं ठेवणार? ते गेलं मोबाइलवर. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा धर्मेश बोईसरला गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आयुष्यात त्यानं एक बोंबील पकडलेला नाही. बोट हलली की त्याला ओकारी येते. त्यानं 'सुरूपाडा किंग्ज' नावाचा ग्रुप काढला आणि पहिल्याच आठवड्यात आम्हाला कळवलं, की ताडपाड्याचे लोक मूळचे इथले नाहीतच. कुठले, ते तो दर आठवड्याला बदलायचा. तिकडे 'ताडपाडा टायगर्स' निघाला. त्यांना आमच्याबद्दल तेच कळलं होतं. दोघांनी वाघाचे टीशर्ट छापून घेतले, आणि बोईसरचा छापणारा एकच असल्यामुळे वाघही एकच निघाला. इकडे काळ्यावर, तिकडे लालवर. दोन्ही वाघ आपापल्या काठावरून गुरगुरायचे आणि दोघांचा उजवा कान सारखाच वाकडा.

मी हसायचो त्यांना. पोरं आहेत, म्हणायचो. पण एक गोष्ट मला खटकायची आणि मी ती मनातल्या मनात ढकलून द्यायचो. बोंबेत शिवी पंढरीला असायची, जमुनेला असायची, पंढरीच्या डोळ्यांना आणि जमुनेच्या मिठाला असायची. आता कुणी नाव घेत नव्हतं. 'ते लोक' म्हणायचे. 'ते असलेच.' ज्या बाईच्या मांडीवर आपण पोरपणी कालवण-भात खाल्ला, ती बाईसुद्धा 'ते लोक' झाली. नावाच्या माणसाला दगड मारायचा तर हात जड होतो. 'ते लोक' म्हटलं की हात हलका होतो. मी टाइम ऑफिसातला माणूस, नावाशिवायचं कार्ड मी कधी पंच होऊ दिलं नाही, आणि हे मात्र होऊ दिलं.

दिवाळीत दगड चालले. प्रफुल्लचा धाकटा भाऊ मेहुल, त्याच्या कपाळाला सात टाके पडले. पोलीस आले, दोन्हीकडची नावं लिहून गेले. चिंतूची होडी बंद झाली. किंग्जनी आमच्या पाड्याच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला: ताडपाड्याच्या माणसाला प्रवेश नाही. समिती म्हणून आम्ही याचा निषेध केला, आणि बांबू तसाच राहिला.

आता हेमालीचं. तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुणी सांगायला लागत नाही. शकूनं डिंक आणला होता, जुनी मऊ लुगडी धुऊन घड्या करून ठेवल्या होत्या, खाट उन्हात घातली होती. धुळवडीच्या तीन दिवस आधी हेमाली आणि प्रफुल्ल रिक्षानं बोईसरवरून वळसा घालून आली. बांबूपाशी किंग्जनी रिक्षा थांबवली. मी पडवीतून पाहत होतो. धर्मेश म्हणाला, "हेमातायनं खुशाल यावा. पण परफुल उतरणार नाय. न ताय एकदा आयली की परत तिकडं जायाचा नाय."

हेमाली म्हणाली, "धर्मेश, मी तुजी बहीण हाय रे."

"व्हतीस," तो म्हणाला. "आता तू त्यांची."

हा तो पोरगा, ज्याला तिनं बोट धरून शाळेत नेलं. हेमालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं लांबून माझ्याकडे पाहिलं. आणि मी, तिचा बाप, पाड्याचा अध्यक्ष, पडवीतून ओरडलो, "हेमाली, तू आज जा बाळा, मी समितीची बैठक घेतो!"

रिक्षा वळली. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. शकू आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, खाटेवरची गादी उचलून आत घेऊन गेली, आणि तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचं बोलणं बंद करायला मी ठराव केला होता, पण ते असं बंद झालेलं मला झेपेना. फोनवर मात्र ती बोलायची, परसात जाऊन, हळू आवाजात. एकदा कानावर आलं, "येहीणबाय, भरती बाराची. चारला खुंटा दिसंल. तुमी मिठाचा तेवढा बगा." मला वाटलं, मासळी खारवण्याचं चाललंय.

धुळवडीच्या दिवशी काय होणार, हे दोन्ही पाड्यांना ठाऊक होतं. किंग्जनी काठावर दगडांच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. पलीकडे टायगर्सच्या हातात वल्ही आणि काठ्या. मी शाल पांघरून काठावर गेलो. बैठक काही झाली नव्हती, कोरम भरत नव्हता. मी हात वर करून म्हटलं, "बांधवांनो, शांतता राखा." दोन पोरांनी मला खांद्याला धरून अगदी आदरानं बाजूला केलं.

चार वाजले. पाणी बरंच उतरलं आणि खुंट्याचं डोकं दिसलं. तेवढ्यात मागून शकू आली. पदर खोचलेला. तिच्यामागे पाड्यातल्या पंचवीस-तीस बायका, आणि सगळ्यात पुढे, काठी टेकत, ऐंशी पार केलेली रखमाबाई. त्या पोरांच्या मधून गेल्या आणि पोटरीभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, पोरांच्या अगदी पुढ्यात. पलीकडेही तसंच झालं. लाल वाघांच्या पुढ्यात जमुना, हात कमरेवर.

"जमुने!" शकू ओरडली. चार वर्षांनी तो आवाज खाडीवरून गेला आणि बगळे उडाले. "तुज्या घरी मिठाची पिशवी गेली ती पोरंबाळं काढून बसली, पण कालवणात काय एक दाना गेला नाय!"

"शकू!" तिकडून आलं. "तुज्या घरातली शाल बग गो! उन्हात पांघरतो न घाम पुसायला दुसरी शाल मागतो!"

दोन्हीकडच्या बायका गालफडं आत ओढून उभ्या. हसायचं नाही. पोरं गोंधळली. पुढ्यात आई, मावशी, आजी. दगड मारायचा तर त्यांच्या डोक्यावरून मारावा लागणार. धर्मेश ओरडला, "काकी, बाजूला व्हा!" रखमाबाईनं मागं न बघता काठी वर केली.

आणि तेव्हाच पलीकडच्या ताडांखालून चिंतूची होडी निघाली. चिंतू वल्हवत होता, पुढे प्रफुल्ल बसला होता आणि मध्ये, पोटावर दोन्ही हात ठेवून, माझी हेमाली. म्हणजे परसातल्या फोनवर हे ठरत होतं. पाणी अजून होतं, तासाभरात चिखल झाला असता. होडी मध्यावर आली. बायका ओरडतच होत्या, पण शकूचा आवाज जरा कापरा झालेला मला कळला. तीस वर्षं ऐकतोय मी तो.

धर्मेशनं दगड मारला. नाव घेऊन सांगतो, कारण नाव न घेण्यानंच हे सगळं झालं. त्याला तो प्रफुल्लला मारायचा होता. दगड होडीच्या कडेपासून हातभर अंतरावर पडला आणि हेमालीच्या तोंडावर पाणी उडालं.

पलीकडे वल्ही वर उठली. जमुना गर्रकन वळली, आमच्याकडे पाठ करून, स्वतःच्या पोरांसमोर हात पसरून उभी राहिली. "मेहुल, हात खाली! तुज्या वहिनीच्या पोटात तुजा पुतन्या हाय!" मेहुलच्या कपाळावरचा टाक्यांचा व्रण मला इकडून दिसला, खरंच दिसला की नुसतं वाटलं, सांगता येत नाही. माझे पाय पाण्यात होते. मी कधी शिरलो ते मला आठवत नाही. शाल वाहत चालली होती.

होडीत हेमाली उभी राहिली. चिंतू कळवळून ओरडला, "बस गो बाय, होडी उलटंल!" ती बसली नाही. प्रफुल्लनं तिचे गुडघे दोन्ही हातांनी धरले. तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. मला वाटलं, ती धर्मेशला काहीतरी बोलणार. ती माझ्याकडे बघत होती.

"एकनाथ!" ती ओरडली. माझ्या मुलीनं मला आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली, आणि आवाज हुबेहूब आईचा. "ठराव क्रमांक आठ! उपस्थित, एकनाथ! गैरहजर, एकनाथाची अक्कल!"

होडी डुलली, प्रफुल्लनं पकड घट्ट केली.

"विषय, हेमालीच्या पोटातला पोर! ठरला असा, की समितीची बैठक झाल्याबिगर पोरानं बाहेर येऊ नये! आला तर त्याचा अर्ज घ्यावा! सूचक, एकनाथ! अनुमोदक, एकनाथच! न विरोधात येक मत, त्या पोराचा, त्यानं आतून लाथ मारली!"

मी हसलो. खरं सांगतो, मला रडायचं होतं. गळ्याशी रडूच आलं होतं, पण बाहेर पडताना ते हसू होऊन पडलं, आणि एवढं मोठं, की मला खाली पाण्यात बसावं लागलं. गुडघ्यावर हात मारून मी हसत होतो, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ज्या मुलीला आईची लाज वाटली होती, जिच्यासाठी मी तो ठराव केला होता, ती होडीत कमरेवर हात ठेवून, श्वास सावरत, माझ्याकडे बघत उभी होती.

रखमाबाईनं काठी पाण्यावर आपटली. "सुरूपाडा हरला!"

पलीकडे एकच आरोळी उठली. आणि इकडे धर्मेश, हातात दुसरा दगड घेतलेला धर्मेश, तापून ओरडला, "हरला कसा? बाप्यांचा हसना धरत नाय! बोंब बायकांची!"

"धरतात!" पलीकडून मेहुल ओरडला. "आमचा बाबा हसला, तवा धरला व्हता! जाळ्याच्या वरसाला! तुज्याच बापाचा जाळा!"

"तवाचा वेगळा!"

"वेगळा कसा? इचार रखमाआजीला!"

"मीठ नाय तुमच्या बोलन्यात पन!"

बायका आता उघड हसत होत्या, दोन्हीकडच्या. पोरं काठाकाठानं धावत वाद घालत होती. नियम काय, कुणाचा हसना धरावा, जावई बसलेल्या होडीतनं दिलेली शिवी कुठल्या काठाची. हेमाली आता कुठल्या पाड्याची मोजायची, यावर तर दोन्हीकडचे तिला आपापल्या बाजूला ओढत होते, कारण शिवी जबरदस्त होती आणि ती प्रत्येकाला आपली हवी होती. 'त्यांची' झालेली बहीण धर्मेशला अचानक सुरूपाड्याची पाहिजे झाली. हातवारे करायला हात मोकळे लागतात. धर्मेशनं दगड कधी खाली टाकला, ते त्यालाही कळलं नसेल. मी पाहिलं. माझ्या पायाशीच पडला.

होडी लागली. शकू गुडघाभर पाण्यात गेली आणि तिनं हेमालीला दोन्ही हातांनी उतरवून घेतलं. प्रफुल्लही उतरला. बांबूकडे कुणी पाहिलं नाही. वरती जाता जाता शकू माझ्यापाशी थांबली. तीन दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: "उठा आता. कोळंबी सोलायचीय."

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पोलिसांतली तक्रार अजून आहे. टीशर्ट आहेत, पोरं ते घालतात. देवळामागे बसणारे दोघे-तिघे अजून 'ते लोक' म्हणतात, आणि मला माहीत आहे, पुन्हा कधीतरी त्यांचा दिवस येऊ शकतो. बांबू मी स्वतः सोडला, दुसऱ्या दिवशी सकाळी, विळ्यानं सुंभ कापून. ठराव न करता.

त्याच सकाळी टोप न्यायचा होता. पाड्यातला सगळ्यात तापट माणूस कोण, यावर मतभेद नव्हते. धर्मेश आधी फुगून बसला. मग आत जाऊन हेमालीला भेटला. काय बोलला ते माहीत नाही. दार लोटलेलं होतं आणि शकूनं मला दाराशी उभं राहू दिलं नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, आणि त्यानं मुकाट्यानं टोप उचलला. होडीत मी भाकऱ्यांचं गाठोडं धरून बसलो होतो. तो टोप मांडीवर घेऊन बसला आणि होडी हलताच पांढरा पडला. चिंतूनं मुद्दाम जरा जास्त हलवली असावी.

पलीकडे मेहुल उभा होता, एकटाच, अंगात लाल वाघ. धर्मेशच्या अंगात काळा वाघ. दोन्ही वाघांचे कान वाकडे. धर्मेश गुडघाभर चिखलातून टोप घेऊन गेला आणि त्याच्यासमोर थांबला. इतक्या जवळून त्यानं तो कपाळावरचा व्रण पहिल्यांदाच पाहिला असणार. माफी मागणं आमच्या घराण्यात कुणाला येत नाही.

मेहुलनं टोप हातात घेतला, झाकण उचललं आणि आत बोट बुडवून चाटलं.

"मीठ जास्त झालाय," तो म्हणाला. "न हे टाके सात हायत. इसरलो नाय मी."

मी गाठोडं घट्ट धरलं.

"ठेव शिमग्याला," धर्मेश म्हणाला.

मेहुलनं झाकण परत टोपावर ठेवलं. "ठेवतो," तो म्हणाला, आणि टोपाचा एक कान त्याच्यापुढे केला. "धर तिकडनं. जड हाय."